लॅपटॉप स्लो झालाय? नवीन घ्यायच्या आधी अडकलेले विंडोज अपडेट साफ करून बघा

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या काकूंचा फोन आला, "अरे जरा येऊन बघतोस का, लॅपटॉप चालू करून मी कुकर लावते, तीन शिट्ट्या होऊन गॅस बंद करते तरी ह्याचं आपलं गोल गोल फिरणं चालूच." काकू घरून मराठी डीटीपी करतात, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल आणि दिवाळीच्या आधी दोन महिने अंकांचं कंपोजिंग, त्यामुळे लॅपटॉप अडला म्हणजे त्यांची कमाईच अडली. एका दुकानात दाखवला तर तिथे सांगितलं की जुना झालाय, नवीनच घ्या. सहा वर्षांचा लॅपटॉप, आय फाइव्ह, आठ जीबी रॅम, टायपिंग आणि पानं लावण्याच्या कामाला एवढं पुष्कळ होतं.

मी जाऊन टास्क मॅनेजर उघडला तर डिस्कच्या रकान्यात १०० टक्के, आणि यादीत सगळ्यात वर 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर', म्हणजे अपडेट बसवणारा विंडोजचा प्रोग्रॅम. मग अपडेट हिस्टरी उघडली. एकच अपडेट, एकच नंबर, आणि त्याच्यापुढे फेल्ड, फेल्ड, फेल्ड, मी मोजलं, १७ वेळा. म्हणजे तो बिचारा लॅपटॉप जवळजवळ रोज तेच अपडेट उतरवत होता, उलगडत होता, बसवायला जात होता, नापास होत होता आणि सगळं परत मागे घेत होता, आणि या सगळ्यात काकूंचं काम बाजूला राहत होतं. तीन तासांत तो ताळ्यावर आला. नवीन काहीही विकत घ्यावं लागलं नाही. तेव्हापासून ठरवलं होतं की हे सगळं नीट क्रमाने लिहून काढायचं, कारण अशी मशिन्स मी गेल्या दोन वर्षांत बरीच बघितलीत आणि त्यातली काही तर भंगारात गेली.

अपडेट अडकतं म्हणजे नक्की काय होतं

विंडोजचे महिन्याचे मुख्य अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहा वाजता, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्री साडेदहा किंवा थंडीच्या दिवसांत साडेअकरा. त्यामुळे आपल्या मशिनवर ते बहुतेक बुधवारी उतरतात आणि बसवायचं काम बुधवार-गुरुवारी चालतं. आता पुण्यात राहणाऱ्याला गुरुवार म्हटलं की काय आठवतं? मेंटेनन्स. पाणी बंद, आणि बऱ्याच भागात सकाळी दोन-चार तास लाईटही बंद. काकूंच्या लॅपटॉपची बॅटरी वर्षभरापूर्वीच मेलेली, नुसत्या अडॅप्टरवर चालायचा. अपडेट बसत असताना लाईट गेली, लॅपटॉप धाडकन बंद, आणि ते अपडेट जे अर्धवट राहिलं ते राहिलंच.

अपडेटची फाइल आधी एका फोल्डरमध्ये उतरते, तिथून उलगडली जाते, मग सिस्टिमच्या जुन्या फाइल्सच्या जागी नव्या बसतात, आणि शेवटचा भाग रिस्टार्टच्या वेळी होतो, ते निळं किंवा काळं स्क्रीन येतं ना टक्के दाखवणारं, तेव्हा. यात कुठेही खंड पडला तर विंडोज सगळं उलटं फिरवतं. हे बरोबरच आहे, नाहीतर मशिन चालूच झालं नसतं. पण उतरवलेल्या फाइलमध्येच बिघाड असेल किंवा सिस्टिमचा फाइलींचा साठा बिघडला असेल तर पुढच्या वेळी विंडोज तीच खराब फाइल पुन्हा उचलतं आणि पुन्हा आपटतं. एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपची डिस्क, असेल तर हे फारसं जाणवत नाही, पण जुन्या लॅपटॉपमध्ये असते तशी मिनिटाला ५४०० फेऱ्यांची फिरती हार्डडिस्क असेल तर एवढ्यानेच सगळं मशिन गुदमरतं.

आधी खात्री करून घ्या की दुखणं हेच आहे

स्लो व्हायची कारणं दहा असतात, म्हणून सरळ साफसफाईला लागू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी आली तर खालच्या 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा. डिस्क असं लिहिलेल्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की जास्त खाणारा वर येतो. तिथे विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर, किंवा सर्व्हिस होस्टच्या खाली विंडोज अपडेट असं नाव असेल, आणि ते दहा-पंधरा मिनिटांनी हटत नसेल, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तेच दिसत असेल, तर संशयाला जागा आहे. एखाद दिवस दिसलं तर काळजी नको, अपडेट खरंच बसत असेल, बसू द्या त्याला.

मग अपडेट हिस्टरी बघा. विंडोज १० असेल तर सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, आणि तिथे 'व्ह्यू अपडेट हिस्टरी'. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, डावीकडे सगळ्यात खाली विंडोज अपडेट, मग 'अपडेट हिस्टरी'. एकच केबी नंबर, म्हणजे अपडेटच्या नावातला केबीने सुरू होणारा नंबर, पुन्हा पुन्हा फेल्ड दिसला की चोर सापडला. त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, हे विसरू नका, कारण पुढे आपण जे करणार आहोत त्यात ही यादी पुसली जाते आणि मग केबी नंबर आणि एरर कोड कुठून आणणार.

अजून एक चांगली जागा आहे जी फार कुणाला माहीत नसते. स्टार्टच्या सर्चमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येईल. तारखेप्रमाणे आलेख दिसतो, कुठल्या दिवशी काय बिघडलं ते. काकूंच्या आलेखात पहिली खूण बरोबर एका गुरुवारची होती.

एरर कोडचं थोडंसं. ०एक्स८००७००७० म्हणजे जागा पुरत नाहीये, बाकी काही नाही, जागा करा आणि निम्मं काम झालं. ०एक्स८००एफ०८१एफ किंवा ०एक्स८००७३७१२ असेल तर सिस्टिमचा फाइलींचा साठा बिघडलाय, त्याला खाली दिलेली दुरुस्तीची कमांड लागेलच. ०एक्स८०२४ ने सुरू होणारे कोड अपडेट यंत्रणेचे स्वतःचे असतात, त्यात नेटचा गोंधळही येतो, आणि ते फोल्डर साफ केल्यावर बरेचदा सुटतात.

हात लावायच्या आधी

कामाच्या फाइल्स पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. सिस्टिमला हात लावतोय, म्हणून आधी बॅकअप, याला माझ्याकडे सूट नाही. काकूंच्या तर तीन वर्षांच्या पत्रिका आणि श्रीलिपीतल्या फाइल्स होत्या, आधी त्या सगळ्या काढल्या, त्यातच तास गेला, पण मग मनाला शांती.

दुसरं, बिटलॉकर. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप लॉक केलेली असते आणि काही गडबड झाली तर ४८ आकडी रिकव्हरी की मागते. दुसऱ्या फोनवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करून डिव्हाइसेसमध्ये ही की दिसते का ते बघा आणि कागदावर लिहून ठेवा.

तिसरं, सर्चमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' टाकून सी ड्राइव्हसाठी प्रोटेक्शन चालू करा आणि एक पॉइंट बनवा, म्हणजे काही बिघडलं तर सिस्टिम परत आजच्या स्थितीला आणता येते. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि लाईटचं बघा. बॅटरी मेलेली असेल तर हे काम गुरुवारी करायचंच नाही. डेस्कटॉपला यूपीएस असेल तर उत्तम, नसेल तर निदान पाऊस-वारा नसलेली संध्याकाळ निवडा. दुरुस्ती करतानाच लाईट गेली तर आपण परत जिथे होतो तिथेच.

तीन सोप्या गोष्टी, कधीकधी एवढ्यावरच भागतं

पहिली, खरा रिस्टार्ट. बरेच लोक रोज शट डाउन करतात आणि त्यांना वाटतं मशिन रोज ताजं सुरू होतं. तसं नाहीये. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' बऱ्याच मशिनवर आधीपासून चालू असतं, त्यात शट डाउन केलं तरी सिस्टिमचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच परत उघडतो. रिस्टार्ट केलं की मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. रिस्टार्टची वाट बघत लटकलेलं अपडेट नुसत्या रिस्टार्टने बसलेलं मी बघितलंय.

दुसरी, तारीख. हे जुन्या असेंबल्ड डेस्कटॉपवाल्यांसाठी खास. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाची रुपयाच्या नाण्यासारखी सेल असते, पाच-सात वर्षांत ती संपते, मग वीज काढली की घड्याळ कुठल्यातरी जुन्या सालात जातं. तारीख चुकीची असली की सुरक्षित वेबसाइटची प्रमाणपत्रं पटत नाहीत, विंडोजला स्वतःच्या सर्व्हरशीच बोलता येत नाही आणि अपडेट फेल. एका क्लासच्या ऑफिसात मी दोन तास डोकं फोडत होतो आणि शेवटी उजव्या कोपऱ्यात बघितलं तर तारीख चक्क काही वर्षं मागची. सेल बदलली, तारीख लावली, अपडेट पहिल्या फटक्यात बसलं. सेल घड्याळवाल्याकडेही मिळते.

तिसरी, जागा. आपल्याकडे असेंबल करताना सी ड्राइव्ह छोटा आणि डी, ई मोठे अशी पद्धत आहे, म्हणून डीमध्ये शेकडो जीबी रिकामे आणि सी लाल, हे चित्र घरोघरी. महिन्याच्या अपडेटसाठी सीमध्ये दहा जीबी तरी मोकळी ठेवा, वर्षाच्या मोठ्या व्हर्जनसाठी वीस. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेंपररी फाइल्स इथे जा. 'विंडोज अपडेट क्लीनअप', 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स', 'टेंपररी फाइल्स' यांना टिक करा. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसलं तर ते जुनं विंडोज आहे, नवीन व्हर्जन नीट चालत असेल तर काढा, बऱ्याच जीबी मोकळ्या होतात, फक्त मग जुन्यावर परत जाता येत नाही. आणि याच यादीत 'डाउनलोड्स' असंही एक नाव असतं. ते म्हणजे तुमचं डाउनलोडचं फोल्डर, त्यात आधार कार्ड, लाईटबिलं, मुलांचे फॉर्म सगळं असतं, त्याला टिक करू नका. एका ओळखीच्यांनी सरसकट सगळ्याला टिक केलं आणि मुलीची ॲडमिशनची कागदपत्रं गेली, ती परत गोळा करायला त्यांना आठवडा लागला.

मुख्य काम: अपडेटचं फोल्डर बदलणं

रिस्टार्ट केलं, तारीख ठीक, जागा आहे, तरी फेल होतंय, तर आता हे करायचं. आधी वायफाय बंद करा, म्हणजे मध्येच अपडेट चालू व्हायला नको.

स्टार्टच्या सर्चमध्ये 'सर्व्हिसेस' टाका, दातेरी चाकांचं चित्र असलेलं जे येईल त्यावर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. मोठी लांबलचक यादी येईल, अक्षरांच्या क्रमाने. त्यात विंडोज अपडेट शोधा, राइट क्लिक, स्टॉप. मग 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस' शोधा, तीही चालू असेल तर स्टॉप. एवढ्या दोनच. डिसेबल करायचं नाहीये, फक्त स्टॉप, हा फरक लक्षात घ्या.

आता फाइल एक्सप्लोरर उघडा, सी ड्राइव्ह, त्यात विंडोज फोल्डर, त्यात खाली खाली जात 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन' नावाचं फोल्डर दिसेल, दोन शब्द मध्ये जागा न सोडता जोडलेले. हेच ते. यात 'डाउनलोड' नावाच्या फोल्डरमध्ये उतरवलेली अपडेट असतात आणि 'डेटास्टोअर'मध्ये त्यांचा हिशोब. मी काकूंचं बघितलं तर एकट्या डाउनलोडमध्ये नऊ जीबी अडकलेले, आकड्या-अक्षरांची लांब लांब नावं असलेली फोल्डर्स, एकावर एक.

डिलीट करू नका, नाव बदला. फोल्डरवर क्लिक करून एफ२ दाबा आणि नावाच्या शेवटी 'ओल्ड' जोडा, म्हणजे काही उलटंसुलटं झालं तर परत जुनं नाव देता येतं. परवानगी मागेल, कंटिन्यू म्हणा. फोल्डर वापरात आहे असं म्हणाला तर त्या दोन सर्व्हिसेस परत आपोआप चालू झाल्यात, सर्व्हिसेसच्या खिडकीत जाऊन परत स्टॉप करा आणि लगेच नाव बदला. दोन-तीनदा करावं लागतं कधीकधी, वैतागू नका. अगदीच ऐकत नसेल तर सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतंच चालू होतं त्या मोडमध्ये, जाऊन करा, तिथे नक्की होतं.

यात तुमची बसलेली अपडेट जात नाहीत, फक्त उतरवलेल्या फाइल्स आणि हिस्टरीची यादी जाते. पहिल्यांदा करणारे इथेच घाबरतात म्हणून मुद्दाम सांगतो.

नाव बदलून झालं की मशिन रिस्टार्ट करा. विंडोज स्वतःच कोरं नवीन सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन फोल्डर बनवतं. वायफाय चालू करा, पण लगेच अपडेटच्या मागे लागू नका, आधी पुढची दुरुस्ती उरकून घ्या.

कॅटरूट२ नावाचं अजून एक फोल्डर आहे, विंडोजच्या आत सिस्टिम३२ मध्ये, त्यात अपडेटच्या सह्या तपासायची माहिती असते. सगळं करूनही अडलं तरच त्याच्याकडे वळा, क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस स्टॉप करून त्याचंही असंच नाव बदलता येतं. शेजारीच नुसतं कॅटरूट, दोनच्या आकड्याशिवाय, असं फोल्डर असतं, त्याला बोट लावायचं नाही.

आतली दुरुस्ती: दोन कमांड

स्टार्टच्या सर्चमध्ये सीएमडी टाका, कमांड प्रॉम्प्ट येईल, राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. हे महत्त्वाचं आहे, साधं उघडलं तर कमांड चालणार नाही. काळी खिडकी उघडली की इंग्रजी कीबोर्ड करून घ्या, मराठी टायपिंग चालू राहिलं तर काही कळायचं नाही.

पहिली कमांड मी बोलून दाखवतो तशी टाइप करा. डीआयएसएम, मग स्पेस, मग स्लॅश आणि त्याला चिकटून ऑनलाइन, मग स्पेस, स्लॅश आणि चिकटून क्लीनअप, छोटी आडवी रेघ, इमेज, हे तिन्ही सलग, मग स्पेस, स्लॅश आणि चिकटून रिस्टोअरहेल्थ, एकच शब्द. स्लॅश म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा, उजवीकडे झुकलेला. एंटर.

ही कमांड सिस्टिमच्या साठ्यात काय तुटलंय ते शोधते आणि चांगल्या फाइल्स थेट विंडोज अपडेटच्या सर्व्हरवरून आणते, म्हणून नेट चालू हवं. टक्के वाढत जातात आणि साठ-बासष्टच्या आसपास बराच वेळ थांबल्यासारखे वाटतात. थांबलेलं नसतं. खिडकी बंद करू नका. काकूंच्या लॅपटॉपवर ह्याला पन्नास मिनिटं लागली, तेवढ्यात त्यांनी थालीपीठ केलं, मी खाल्लं, आणि एंटर मारून मारून बघण्याची जी हौस येते ती टाळली.

ती यशस्वी झाल्याचं सांगितलं की दुसरी. एसएफसी, स्पेस, स्लॅश आणि चिकटून स्कॅननाऊ, एका शब्दात. ही प्रत्येक महत्त्वाची सिस्टिम फाइल तपासते. शेवटी तीनपैकी एक निरोप येतो. काही बिघाड सापडला नाही, उत्तम. बिघाड सापडले आणि दुरुस्त केले, अजून उत्तम, रिस्टार्ट करा. बिघाड सापडले पण काही दुरुस्त करता आले नाहीत, तर रिस्टार्ट करून पहिली आणि दुसरी परत एकदा त्याच क्रमाने चालवा. क्रम उलटा करू नका, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगली फाइल उचलते तो साठाच पहिली कमांड नीट करते.

आता परत अपडेट करा

सेटिंग्जमध्ये जाऊन 'चेक फॉर अपडेट्स' दाबा. सगळं नव्याने उतरणार म्हणून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करू नका, दिवसाचा डेटा एका बसल्या संपेल, आणि पहिल्यांदा वेळही जास्त लागेल. प्रिंटर, पेनड्राइव्ह, डॉंगल सगळं काढून ठेवा. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल आणि मुदत संपलेला असेल तर तो आधी अनइन्स्टॉल करा, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो.

रिस्टार्टच्या वेळी टक्के दाखवत बसेल. फिरत्या हार्डडिस्कवर तास-दीड तास लागू शकतो. लॅपटॉपवर डिस्कचा छोटा दिवा असेल तर तो लुकलुकतोय तोवर काम चाललंय, पॉवर बटणाला हात लावू नका. 'अनडूइंग चेंजेस' आलं तरी तेही पूर्ण होऊ द्या. रात्रभर ठेवूनही एकही टक्का हलला नाही आणि दिवाही मेलेला, तरच बटण दाबून बंद करा.

तेच एक अपडेट परत फेल झालं तर फोटोतला केबी नंबर काढा आणि मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या साइटवर तो शोधा. तिथून तेवढंच अपडेट उतरवून डबल क्लिकने बसवता येतं. यादीत बऱ्याच ओळी असतात, आपलं व्हर्जन बघून घ्या, सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउटमध्ये ते लिहिलेलं असतं, आणि साध्या इंटेल-एएमडीच्या मशिनसाठी एक्स६४ वालं.

काही वेळा दोष तुमच्या मशिनचा नसतोही. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी केबी५०३४४४१ हे अपडेट आलं आणि जगभर कितीतरी मशिनवर ०एक्स८००७०६४३ म्हणून आपटलं, कारण त्याला रिकव्हरीच्या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि लोकांची पार्टिशन मुळातच छोटी बनलेली होती. फोल्डर साफ करून त्यात काही फरक पडत नव्हता. म्हणून दोनदा सगळं करून त्याच नंबरवर अडलात तर तो नंबर आणि कोड आधी नेटवर शोधा, तिसऱ्यांदा तेच करत बसू नका.

उलटा प्रकारही होतो, अपडेट बसतं पण नंतर मशिन नीट चालत नाही. तेव्हा अपडेट हिस्टरीतच 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. विंडोज चालूच होत नसेल तर दोन-तीनदा चालू होता होता बंद केलं की दुरुस्तीचा स्क्रीन आपोआप येतो, त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, 'अनइन्स्टॉल अपडेट्स', आणि 'लेटेस्ट क्वालिटी अपडेट' काढायचा पर्याय मिळतो.

आणि शेवटचा उपाय म्हणजे विंडोजवरच विंडोज बसवणं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ, म्हणजे विंडोजच्या अख्ख्या सेटअपची एक फाइल, उतरवायची, डबल क्लिक करून उघडायची, आतलं सेटअप चालवायचं आणि 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' निवडायचं. फाइल्स राहतात, सॉफ्टवेअर राहतात, सिस्टिम कोरी होते. फॉरमॅट मारण्यापेक्षा हे केव्हाही बरं, डीटीपीवाल्यांना तर फॉन्ट, लायसन्स, डॉंगलचे ड्रायव्हर परत बसवायचे म्हणजे दोन दिवस जातात.

हे मात्र करू नका

व्हिडिओ बघून लोक विंडोज अपडेटची सर्व्हिस कायमची डिसेबल करतात. मशिन लगेच हलकं वाटतं, खरंय. पण १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा त्याची वाट बंद करणारं अपडेट मार्चमध्येच, दोन महिने आधी, येऊन गेलेलं होतं, आणि ज्यांनी बसवलं नव्हतं त्यांच्या फाइल्स लॉक झाल्या. काकूंसारख्या माणसाच्या तीन वर्षांच्या कामाची किंमत त्या हलकेपणापेक्षा खूप जास्त आहे. थोडे दिवस नको असतील तर 'पॉज' आहे, तो वापरा.

विनएसएक्सएस नावाचं फोल्डर सी ड्राइव्हमध्ये प्रचंड मोठं दिसतं म्हणून हाताने उडवू नका, विंडोजचा साठा तोच आहे, आणि दिसतं त्यापेक्षा ते खरं लहान असतं कारण एकच फाइल दोन ठिकाणी मोजली जाते. ते बारीक करायचं असेल तर अपडेट नीट बसल्यावर मघाचीच पहिली कमांड, फक्त रिस्टोअरहेल्थच्या जागी स्टार्टकंपोनंटक्लीनअप टाकून चालवा. रजिस्ट्री क्लीनर वगैरे अजिबात घेऊ नका.

साफ करूनही स्लोच असेल तर

आठवडाभर वापरून बघा. अपडेट सगळी बसली, टास्क मॅनेजरमध्ये अपडेटचं नाव नाही, तरी काही न करता डिस्क ९०-१०० वर, तर मग हार्डडिस्कच थकली आहे. तेव्हा एसएसडी घाला, पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत चार दुकानं फिरून भाव विचारा, बिल आणि वॉरंटी घ्या, आणि जुन्या डिस्कवरून क्लोन करून देतात का ते आधीच ठरवा. नव्या लॅपटॉपच्या तुलनेत हा खर्च फारच थोडा.

विंडोज १० वाल्यांनी एक लक्षात ठेवा, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरच्या मशिनसाठी ईएसयू या वाढीव अपडेटच्या योजनेत नोंदणी केली तर सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, विंडोज अपडेटच्या पानावरच त्याची लिंक दिसते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, काकूंचा बसत होता, पण दिवाळीचं काम होईपर्यंत आम्ही तो विषय काढला नाही.

काकूंच्या लॅपटॉपला आता नवी बॅटरी बसवलीये. सेटिंग्जमध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' सकाळी आठ ते रात्री अकरा लावलेत, म्हणजे कामाच्या वेळात तो स्वतःहून रिस्टार्ट होत नाही, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतरच्या शुक्रवारला त्यांनी पेनाने गोल केलाय. त्या दिवशी जेवणं झाली की चार्जर लावायचा, चेक फॉर अपडेट्स दाबायचं आणि टीव्ही बघायला बसायचं. परवा त्यांचा मेसेज आला, "झालं रे, पहिल्याच शिट्टीत उघडला."